आईचा आवाज कुणाच्या तोंडून?

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)



आज मी सिनेमाविषयी बोलणार आहे. तेही भीतीच्या, मनाच्या खेळाच्या सिनेमाविषयी. ज्याला इंग्रजीच्या वळणानं सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणतात. कवितेचा माणूस या वाटेला कसा गेला, असं तुम्हाला वाटेल. पण या सिनेमांत मध्यभागी वारंवार आई आणि मुलगा असतात, आणि आई हा आम्हा कवींचा जुना विषय आहे. कविसंमेलन असो की मुशायरा, आईवरच्या कवितेला टाळी हमखास मिळते. मुनव्वर राना यांना उर्दू गझलेत घराघरांत पोचवलं ते आईवरच्या शेरांनीच. अशा वेळी मी समोर बसलेल्या बायांकडं पाहतो. पदरानं डोळे पुसत असतात. आईवर बोलून मुलगा खाली उतरतो, पुढचा मुलगा वर येतो. माइक काही त्या बायांपर्यंत जात नाही.

आजचं माझं सगळं बोलणं एवढ्याच गोष्टीभोवती आहे. आईविषयी बोलतंय कोण?

सुरुवात आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’पासून करू. हा सिनेमा १९६० सालचा. रॉबर्ट ब्लॉक यांची त्याच नावाची कादंबरी त्याच्या आदल्या वर्षी आली होती. आडवाटेचं एक लॉज, मागं टेकाडावर जुनं घर. लॉज चालवतो नॉर्मन बेट्स नावाचा सडसडीत, लाजरा, नम्र पोरगा. अँथनी पर्किन्स यांनी हे काम असं केलं की आपल्याला त्याची कीव यावी. वरच्या घरातून त्याच्या आईचा आवाज येतो. कर्कश, संशयी, पोरानं कुठल्याही बाईकडं पाहू नये म्हणून टोचत राहणारा. मग खून होतात आणि आपण मनात निकाल लावून टाकतो की ही म्हातारीच कैदाशीण.

सिनेमा जुना आहे, म्हणून शेवट सांगायला हरकत नाही. ती म्हातारी दहा वर्षांपूर्वीच मेलेली असते. तिला आणि तिच्या प्रियकराला नॉर्मननंच विष घालून मारलेलं असतं. नंतर तिचा देह उकरून त्यानं घरात जपून ठेवलेला असतो. तिचे कपडे तोच घालतो, तिच्या आवाजात तोच बोलतो. शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळा उलगडा करतात. ही आई हेकट होती, मुलाला चिकटून राहणारी होती, असं ते सांगतात. आता ही माहिती त्यांना मिळाली कुठून? तर नॉर्मनच्या मनात राहणाऱ्या त्या ‘आई’कडून. म्हणजे पुन्हा नॉर्मनकडूनच.

तुम्ही आता रेडिओवर माझा नुसता आवाज ऐकताय, म्हणून ही गोष्ट तुमच्या लगेच ध्यानात येईल. ‘सायको’तली आई हा नुसता आवाज आहे. तो आवाजही एकीचा नाही. व्हर्जिनिया ग्रेग, जेनेट नोलन या दोन अभिनेत्री आणि पॉल जॅस्मिन हा पुरुष, अशा तिघांचे आवाज मिसळून तो तयार केला होता. आणि हिचकॉक असे मिश्कील, की या भूमिकेसाठी आपण अभिनेत्री शोधतोय अशी हवा त्यांनी उठवून दिली होती. सेटवर ‘मिसेस बेट्स’ असं नाव लिहिलेली खुर्चीसुद्धा मांडून ठेवली होती. खुर्ची होती, नाव होतं, आवाज होता. बाई मात्र नव्हतीच.

तिचा स्वतःचा एक शब्दही आपण ऐकलेला नाही. नवरा गेल्यावर तिनं ते लॉज कसं चालवलं, पोराला एकटीनं कसं वाढवलं, पुन्हा संसार करावा असं तिला का वाटलं, हे आपल्याला ठाऊक नाही. तरी साठेक वर्षं जगानं तिला दोषी धरलंय.

या कहाणीमागं एका खऱ्या गुन्ह्याची सावली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफिल्ड गावात १९५७ साली एड गीन नावाचा माणूस पकडला गेला. त्यानं दोन बायकांचा जीव घेतला होता आणि कबरी उकरल्या होत्या. त्याची आई १९४५ साली वारली होती. तिची खोली त्यानं तशीच बंद करून ठेवली होती. वर्तमानपत्रांनी या आईवर रकानेच्या रकाने लिहिले. तोवर ती बारा वर्षं मातीखाली होती. उत्तर द्यायला येणार कशी?

तो काळच आईला आरोपी करण्याचा होता. अमेरिकेतल्या मोठ्या मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी १९४८ साली एक कल्पना मांडली. स्किझोफ्रेनिया, म्हणजे आपण ज्याला छिन्नमनस्कता म्हणतो, तो आजार जडायला आईची वागणूक कारणीभूत असू शकते, अशी ती कल्पना. पुढं स्वमग्न मुलांच्या आयांनाही असंच बोल लावलं गेलं. बर्फासारख्या थंड आया, म्हणून मुलं अशी झाली, असं म्हणायचे. नंतरच्या काही दशकांतल्या संशोधनानं या दोन्ही कल्पना मोडीत काढल्या. अनुवंश, मेंदूची घडण, आयुष्यात बसलेले धक्के अशा अनेक गोष्टी एकत्र येऊन हे आजार होतात, असं आज शास्त्र सांगतं. डॉक्टरांनी ती कल्पना टाकून दिली. सिनेमानं आणि गल्लीतल्या ओट्यानं मात्र ती जपून ठेवली.

आता आपल्याकडं येऊ. १९९३ साल आठवा. नोव्हेंबरात ‘बाजीगर’ आला, डिसेंबरात ‘डर’. दोन्हीत शाहरुख खान. मी तेव्हा विशीत होतो. टॉकीजमध्ये पोरं खुन्यासाठी शिट्ट्या मारतात हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नंतर कधीतरी लक्षात आलं की या दोन्ही खुनी पोरांच्या पाठीशी आई उभी केलेली आहे.

यश चोप्रांच्या ‘डर’मधला राहुल एका मुलीच्या मागं लागलेला. तो फोनवर आईशी बोलतो. मनातलं सगळं तिला सांगतो. पुढं कळतं की आई कधीचीच वारलेली आहे. तारेच्या पलीकडं कुणी नाही. ‘सायको’मध्ये निदान आईचा आवाज तरी होता, भले तो मुलाचा असेना का. इथं तोही नाही. मुलगा विचारतो आणि मुलगाच होकार ऐकतो.

अब्बास-मस्तान यांच्या ‘बाजीगर’मध्ये आई जिवंत आहे. राखी यांनी ते काम केलंय. धंदा बुडाला, नवरा गेला, तान्ही लेक गेली, या धक्क्यांनी तिचं भान हरपलं. मुलगा मोठा होऊन सूड घेत सुटतो. काही वाकडं न केलेल्या मुलीला गच्चीवरून ढकलून देतो. शेवटी आईच्या मांडीवर प्राण सोडतो, आणि आपण रडतो. पण ध्यानात घ्या, त्या आईनं काही मागितलंच नव्हतं. बराच काळ ती भानावरच नव्हती. सूड ठरवला मुलानं, नाव लागलं आईचं.

‘दीवार’ हा थरारपट नव्हे, पण १९७५ सालच्या या सिनेमातला तो प्रसिद्ध प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. गाडी, बंगला यांच्या रांगेत शेवटी आईही एका भावाची मिळकत म्हणून सांगितली जाते. टाळ्या आपणही वाजवल्यात.

आता जरा नाजूक जागी येतो. मराठी मनात आई म्हटलं की ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा काढला. वनमालाबाई आणि छोटा माधव वझे यांची ती कामं आजही डोळ्यांपुढं आहेत. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याच सिनेमाला मिळालं. मीही त्या पुस्तकावर वाढलोय. आमच्या घरात अम्मीची बोली दखनी, ती तिच्या बोलीत जे सांगायची तेच श्यामची आई मराठीत सांगते, असं मला शाळेत असताना वाटायचं. जन्नत आईच्या पायांखाली असते, असं आमच्यात लहानपणापासून ऐकवतात. तेव्हा या पुस्तकाविषयी माझ्या मनात आदरच आहे.

तरी एक गोष्ट पाहा. श्यामची आईसुद्धा श्याम सांगतो. रात्री आश्रमातले मित्र जमतात, श्याम आठवणी काढतो, मित्र ऐकतात. कर्जात बुडालेलं घर, नवऱ्याचा भोळा अभिमान, दारात येणारे सावकाराचे लोक, या सगळ्यांत त्या बाईला एकटीला काय वाटत होतं, ते आपल्याला मुलाच्या ओंजळीतूनच प्यावं लागतं. श्यामची ओंजळ निर्मळ आहे, नॉर्मनची विषारी. फरक जमीन-अस्मानाचा. पण दोन्हीकडं आईच्या वाट्याला तिचं स्वतःचं बोलणं येत नाही. एकीकडं ती देवी झाली, दुसरीकडं कैदाशीण. मधली जी साधी बाई, जी थकते, चिडते, जिला कधी पोरं नकोशी होतात, कधी एकटीनं दूर कुठं जावंसं वाटतं, ती दोन्हीकडून निसटली. मला वाटतं, आपण एका टोकाला देवी बसवली, म्हणूनच दुसऱ्या टोकाची कैदाशीण आपल्याला इतकी चटकन पटते. देवीच्या हातून जरा चूक झाली की मधल्या मुक्कामाला तिला जागाच नाही.

मग आईनं स्वतः बोलायचं ठरवलं तर? आपल्या मातीत ते झालेलं आहे. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत आई मुलाचं कौतुक करते, तसं सून आल्यावर तो कसा बदलला हेही सांगते, सासरचा जाच सांगते, स्वतःच्या मरणाविषयीही बोलते. पहाटे जात्याशी ऐकणारं कुणी नसायचं, म्हणून तिथं खोटं बोलायची गरज नव्हती. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई तर त्याही पुढं गेली. तिनं विठोबालाच आई करून टाकलं आणि त्या आईशी ती भांडली, रुसली, तिला रागानं बोललीसुद्धा. आईवर रागवायची मुभा ज्या नात्यात असते, ते नातं निरोगी, हे तिला सातशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत थरारपटांतही हे बदललंय. तीन सिनेमे सांगतो.

पहिला, लिन रॅमसे या बाईंनी २०११ साली केलेला ‘वी नीड टू टॉक अबाउट केव्हिन’. मुलगा शाळेत धनुष्यबाणानं मुलांचे जीव घेतो. सिनेमा मात्र आईच्या मागोमाग चालतो. गावातली माणसं तिच्या घरावर लाल रंग फेकतात, रस्त्यात तिच्या थोबाडीत मारतात. ती रंग खरवडत बसते आणि तुरुंगात मुलाला भेटायला जात राहते. हा असा का झाला, तिचं काही चुकलं का, हे तिलाही कळत नाही. सिनेमाही आपल्या हाती सोपं उत्तर ठेवत नाही.

दुसरा, जेनिफर केंट यांचा २०१४ सालचा ऑस्ट्रेलियन सिनेमा ‘द बाबाडूक’. बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना वाटेतच अपघातात नवरा गेला. त्यामुळं मुलाचा वाढदिवस आणि नवऱ्याचं वर्षश्राद्ध एकाच दिवशी. त्या आईला मुलावर माया करताना आतून रागही येतो, आणि तो राग राक्षस होऊन घरात फिरायला लागतो. शेवटी राक्षस मरत नाही. ती त्याला तळघरात ठेवते आणि रोज खाऊ घालते. मराठवाड्यात नवऱ्याच्या मागं लेकरं वाढवणाऱ्या किती बाया आहेत. दुःख संपत नसतं, त्याला घरात एक जागा करून द्यावी लागते, हे त्यांना सिनेमानं शिकवायची गरज नाही.

तिसरा, बाँग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाचा २००९ सालचा ‘मदर’. छोटं गाव, जडीबुटी विकणारी एकटी आई, बुद्धीनं थोडा मागं राहिलेला तरणा मुलगा. त्याच्यावर एका शाळकरी मुलीच्या खुनाचा आळ येतो. पोलीस ऐकत नाहीत, वकील दाद देत नाही, मग आईच पुरावे शोधत फिरते. आणि तिला सापडतं ते हे, की खून पोराच्याच हातून झालाय. तेव्हा ती ते सांगणाऱ्या साक्षीदाराचाच जीव घेते. पुढं तिच्या मुलाऐवजी दुसराच एक मंदबुद्धीचा पोरगा पकडला जातो. ती त्याला भेटायला जाते आणि तुला आई नाही का, असं विचारून ढसाढसा रडते. पोराला आई असती तर तिनंही असंच धावून काढलं असतं, हे तिला कळतं. आपण काय करून बसलोय हेही कळतं. या एका प्रसंगात माया आणि अपराध एकाच पाटावर बसलेत. आई देवी नाही, कैदाशीणही नाही. ज्या बाईला जगात मुलाखेरीज काहीच ठेवलेलं नव्हतं, अशी ती बाई आहे.

‘जगात काहीच ठेवलेलं नव्हतं’ या शब्दांपाशी मला आपल्याच जिल्ह्याची आठवण येते. १९७२ ते १९७४ या काळात मानवतला जे खून झाले, ते जुन्या श्रोत्यांना आठवत असतील. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले होते. त्या प्रकरणावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’ १९८१ साली आला. २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिकाही आली. कोर्टाच्या तपशिलात मी जात नाही. पण तपासात पुढं आलेल्या कहाणीत गुप्तधनाच्या हावेइतकीच आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे मूल व्हावं ही ओढ. ज्या समाजात बाईची किंमत तिच्या पदरातल्या लेकरावर, त्यातही मुलावर ठरते, तिथं आई-मुलाचं बिघडलेलं नातं मुलगा जन्माला यायच्या आधीपासूनच सुरू झालेलं असतं.

आता आजच्या घरात येतो. आपल्या गावांत तिशी-पस्तिशी ओलांडलेली, लग्न न जमलेली पोरं आहेत. जमीन तुटपुंजी, नोकरी नाही. घरात दोनच माणसं, तो आणि आई. तो बोलेनासा होतो. रात्र रात्र जागतो, एकटाच पुटपुटतो, कधी आईच्या अंगावर धावून जातो. ती भाकरी झाकून ठेवते, शेजारी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर पहिलं वाक्य ऐकावं लागतं, ‘तूच लाडावून ठेवलंस.’ पोरं त्याला ‘सायको’ म्हणून चिडवतात. पासष्टेक वर्षांपूर्वीच्या एका सिनेमाचं नाव आपल्या पारावर शिवी होऊन बसलंय. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत. उलट त्यांनाच मारहाण, टिंगल, उपासमार सोसावी लागते. आणि त्यांच्या आया त्यांच्यासोबत ते सोसतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा मराठी सिनेमा शक्य झालं तर पाहा. अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषचं काम केलंय. त्यात आजार आजारासारखा आहे. बहीण त्याला सांभाळते, डॉक्टर भेटतात, औषध चालू होतं. कुणाच्या माथी खापर फोडलेलं नाही, तरी आपण शेवटपर्यंत जागचे हलत नाही.

अशा घरातल्या बहिणींना माझं सांगणं आहे. हे तुमच्या लाडानं झालेलं नाही. ताप आला तर जसं दवाखान्यात नेतो तसंच हेही आहे. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचा विभाग कुठं आहे ते विचारा. १४४१६ हा सरकारचा ‘टेलि-मानस’चा नंबर आहे, २०२२ सालापासून सुरू आहे. त्यावर फुकट बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही. तिथं पोराविषयी बोला आणि स्वतःविषयीही बोला. तुम्हाला झोप लागते का, तुम्ही जेवता का, तुम्हाला भीती वाटते का, हेही तिथं सांगण्याजोगं आहे.

आणि मुलांना एवढंच सांगतो. पुढच्या वेळी असा सिनेमा पाहताना आईचा आवाज आला की कान टवकारा. तो कुणाच्या तोंडून येतोय ते बघा. मग सिनेमा संपल्यावर घरात जा आणि आईला एखादी अशी गोष्ट विचारा, जिच्यात तुम्ही नसाल. ती शाळेत कितवीपर्यंत होती, मैत्रिणीचं नाव काय होतं, तिला काय व्हायचं होतं. सुरुवातीला ती म्हणेल, ‘माझं काय विचारतोस, तू जेवलास का?’ तुम्ही जेवलो म्हणून सांगा, आणि तिथंच बसून राहा. थोडा वेळ लागेल. पण ती बोलेल.